चार खिडक्यांचा कागद

कानामागून आली अन् तिखट झाली, ही म्हण थोरल्या बाईंनी आपल्या धाकट्या जावेबद्दल इतक्या वेळा वापरली होती की आता ऐकणाऱ्यांना ती पाठ झाली होती. घरात म्हणायच्या, शाळेत म्हणायच्या, आणि ऐकायला कुणी नसलं तर फळा पुसता पुसता स्वतःशीच म्हणायच्या.

म्हण खोटी नव्हती. ह्या शाळेत गणित शिकवायला आधी थोरल्या बाई आल्या. त्या विभागप्रमुख झाल्या. मग दिराचं लग्न ठरलं, आणि त्याने बायको आणली तीही गणिताचीच. जगात भाषा, भूगोल, शिवणकाम असे विषय काय कमी होते? पुढे जागा निघाली, ती नेमकी ह्याच शाळेत. दोघींचं आडनाव एक, विषय एक, घरही एक, खाली थोरली आणि वर धाकटी. शाळेने आपली सोय पाहिली आणि एकीला थोरल्या बाई, दुसरीला धाकट्या बाई म्हणायला लागली. दोघी एकमेकींना पाण्यात पाहत होत्या हे शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. घरातले दोघे भाऊ शहाणे. बायकांचा विषय निघाला की एकाला खालचा गळका नळ आठवायचा आणि दुसऱ्याला वरचा.

थोरल्या बाईंची शिकवायची रीत सरळ होती. व्याख्या सांगायची, मुलांनी लिहायची, पाठ करायची, दुसऱ्या दिवशी उभं राहून म्हणायची. सहगुणक म्हणजे चलाला गुणणारी संख्या. स्थिरांक म्हणजे जिची किंमत बदलत नाही अशी, चलाशिवाय असलेली संख्या. एका श्वासात, न अडखळता. अडखळला की पुन्हा पहिल्यापासून. सातवी अ मधली मुलं झोपेतसुद्धा सहगुणक सांगतील असं त्या अभिमानाने म्हणत, आणि मुलांचे चेहरे पाहिले तर ती झोपेतच सांगत असावीत असं वाटे.

सातवी ब धाकटीकडे. तिच्या वर्गात व्याख्या नव्हत्या, कात्र्या होत्या. लांबट कार्डशीट घ्यायचं, उभं दुमडायचं, वरच्या पदराला घडीपर्यंत कापे द्यायचे, की झाल्या चार झडपा. झडपांवर बाहेरून जाड स्केच पेनने लिहायचं ५, मग x, मग अधिक, मग ७. पाचची झडप उचलली की आत 'सहगुणक' आणि त्याचा अर्थ. x च्या खाली 'चल'. अधिकच्या खाली 'क्रियेचं चिन्ह'. सातच्या खाली 'स्थिरांक'. पाठीमागचा कोरा पदर वहीत चिकटवायचा. मुलं त्याला खिडक्या म्हणायची. "बाई, आज खिडक्या आहेत का?" असं ब मधली मुलं जिन्यातच विचारायची, आणि ते ऐकून थोरल्या बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. गणिताच्या तासाची वाट पाहणारी मुलं त्यांना संशयास्पदच वाटत.

"हस्तकलेचा तास चांगला रंगतोय हो तुझा," त्या एकदा शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांच्या देखत म्हणाल्या.

धाकटीने चहाचा कप खाली ठेवला. "रंगतो खरा. ताई, पाठ तर पोपटही करतो. त्याला पेपर कुठे लिहायचा असतो?"

ती हे हसून म्हणाली, आणि तिचं हसूच थोरल्या बाईंना जास्त झोंबलं. खोलीतल्या इतर बाया एकाएकी वह्या तपासण्यात गढून गेल्या.

एवढ्यावर भागलं असतं तर ती नेहमीची जावाजावांची धुसफूस झाली असती. पण घोडं दुसरीकडेच पेंड खात होतं, आणि ते ठिकाण म्हणजे थोरल्या बाईंची मुलगी.

तिचं नाव कुणी घेत नसे, सगळे तिला खारू म्हणत. लहानपणापासून पेन्सिली कुरतडायची, म्हणून खारू. गणिताला बसली की जास्तच. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आई समोर बसायची, व्याख्या म्हणवून घ्यायची, आणि खारूच्या पेन्सिलीच्या मागच्या टोकाचा भिजून चोथा व्हायचा. उत्तर येत असलं तरी तोंडातून निघायचं नाही. आईचा आवाज चढायचा, मुलीचे डोळे भरायचे, आणि गणित बाजूलाच राहायचं. थोरल्या बाई शेकडो मुलांना गणित शिकवून बसल्या होत्या. घरच्या एका मुलीपुढे मात्र त्यांच्या नाकी नऊ आले होते.

शाळेचा नियम असा की शिक्षकाचं मूल त्याच्या स्वतःच्या वर्गात नको. म्हणून सातवीत खारू ब मध्ये गेली, म्हणजे काकूकडे. आणि पोरगी बदलली. संध्याकाळी दप्तर टाकायची, कात्री घ्यायची आणि जिना चढून वर जायची. वरून कागदाची करकर आणि दोघींचं हसणं ऐकू यायचं. खाली यायची ती गुणगुणत. गणित करताना गुणगुणणारी मुलगी थोरल्या बाईंनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती, आणि पाहिली ती आपलीच, तीही जावेच्या दारात. एक दिवस त्यांनी तिची कंपासपेटी उघडून पाहिली. पेन्सिली सगळ्या धड होत्या, एकीवरही दाताची खूण नव्हती. आईला आनंद व्हायला हवा होता. थोरल्या बाईंना रडू आलं आणि त्यांनी पेटी आपटून बंद केली.

त्यांना विभागप्रमुखपदाची काळजी होतीच, ती काही कमी नव्हती. पण रात्रंदिवस जे खुपत होतं ते हे, की माझ्या मुलीला जे मी देऊ शकले नाही ते हिने कागद कापून दिलं. मुलगी परत हवी होती त्यांना. ती स्वतःहून आईसमोर टेबलाशी येऊन बसावी आणि जावेने ते वरून पाहावं, एवढंच त्यांना हवं होतं.

तशात मुख्याध्यापकांनी सभा घेतली. मुख्याध्यापक भला माणूस होता, म्हणजे ज्याचं बोलणं शेवटचं ऐकेल त्याच्या बाजूचा होणारा. ते म्हणाले, पुढच्या सत्रापासून सगळ्या वर्गांत गणित एकाच पद्धतीने शिकवायचं. ब मधली मुलं फार उत्साही दिसतात. तेव्हा धाकट्या बाईंचा एक पाठ आपण सगळे बसून पाहू, आणि आवडला तर तीच पद्धत, आणि विभागही त्यांच्याकडेच. ते थोरल्या बाईंकडे पाहून ओशाळं हसले. "अर्थात आपल्या रिवाजाप्रमाणे पाठ झाल्यावर मुलांना प्रश्न विभागप्रमुखच विचारतील. म्हणजे तुम्ही."

"विचारीन की," थोरल्या बाई म्हणाल्या.

त्याच आठवड्यात खारू वही टेबलावर विसरून वर गेली. थोरल्या बाईंनी ती पुढ्यात ओढली आणि चिकटवलेल्या खिडक्या एकेक करून उघडून पाहिल्या. शत्रूच्या घरात शिरल्यासारखं वाटत होतं त्यांना, आणि मजाही येत होती. अक्षर सुबक, रंग नेटके, अर्थ बरोबर. दोष काढायला जागा नव्हती. पाच x अधिक सात. पान उलटलं. तीन y अधिक चार. पुढे दोन m अधिक नऊ. त्यांनी पुन्हा पहिल्या पानावर जाऊन पाहिलं आणि त्यांचा हात थांबला.

प्रत्येक कागदावर आकडा-अक्षराची जोडी आधी होती आणि सुटा आकडा शेवटी. पहिली खिडकी कायम सहगुणकाची. शेवटची कायम स्थिरांकाची. एकदाही उलटं नाही. मुलं अर्थ वाचत असतील, पण लक्षात काय ठेवत असतील? जागा. पहिला तो सहगुणक आणि शेवटचा तो स्थिरांक. कागद दुमडणाऱ्या बाईच्या हाताला एक सवय लागली होती आणि तीच सवय तिने अख्ख्या वर्गाला लावली होती.

थोरल्या बाईंनी कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं, ७ + ५x. मग लगेच खोडून टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हे आपल्या अ मध्ये करून पाहिलं. न्यायाने वागत होत्या म्हणून नव्हे, आपली मुलं कशी फडाफडा उत्तर देतात ते बघायचा मोह झाला म्हणून. वर्गात पहिला येणारा मुलगा उभा राहिला, त्याने सहगुणकाची व्याख्या एका श्वासात म्हटली, एक काना इकडचा तिकडे नाही. "मग इथे सहगुणक कोणता?" बाईंनी फळ्याकडे बोट केलं. मुलाने ७ + ५x कडे पाहिलं आणि म्हणाला, "सात." मागचे बाक एकसुरात म्हणाले, "सात."

बाईंनी फळा पुसला आणि समीकरणांचा धडा काढायला सांगितला. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. स्वतःलाही फारशी सांगितली नाही. अ मध्ये पाठ पाहायला कुणी येणार नव्हतं.

संध्याकाळी खारू जिन्याकडे निघाली तशी त्यांनी हाक मारली. "इकडे ये. आज माझ्याकडे बस."

खारूचा चेहरा पडला, पण ती आली. बाईंनी कागदावर लिहिलं, ७ + ५x. "सहगुणक सांग."

"सात," खारू म्हणाली. लगेच म्हणाली, न घाबरता. वर जाऊन शिकली होती ना, चुकायची भीतीच गेली होती तिची.

थोरल्या बाई मोठ्याने हसल्या. ते हसणं मुलीसाठी नव्हतं, छतासाठी होतं. पण ऐकलं मुलीने, आणि तिचा हात पेन्सिलीकडे गेला. ते पाहून बाई सावरल्या. त्यांनी खुर्ची वळसा घालून मुलीच्या बाजूला आणली. आजवर त्या कायम समोर बसत आल्या होत्या.

"हे बघ. आकडा कुठे बसलाय ते बघू नकोस. कोणाला चिकटून बसलाय ते बघ. सात कोणाला चिकटलाय?"

"कोणालाच नाही. एकटाच आहे."

"आणि पाच?"

"पाच x ला." खारू थांबली. तिने कागद जवळ ओढला. "म्हणजे सहगुणक पाच. मग सात स्थिरांक. आधी आला तरी. कारण तो एकटा आहे." तिने आईकडे वळून पाहिलं. "म्हणजे आई, खिडकी जागेची नसतेच. आकड्याची असते. आकडा हलला की खिडकी त्याच्याबरोबर जाणार."

इतकं चांगलं उत्तर थोरल्या बाईंना इतक्या वर्षांत एकाही मुलाने दिलं नव्हतं. त्यांनी आणखी एक घातलं, ४ + m. खारू म्हणाली, "m ला कोणीच नाही चिकटलेलं," आणि मग स्वतःच म्हणाली, "एक. एक m म्हणजेच m. एक दिसत नाही, पण असतो." माय-लेकी एका बाजूला बसून हसल्या. थोरल्या बाईंना वाटलं, आली. परत आली माझी पोर.

मग खारू उठली. "मी काकूला सांगून येते हं. आमच्या सगळ्यांचं चुकणार हे. उद्या ती उलट्या खिडक्या करून घेईल."

"नको," थोरल्या बाई म्हणाल्या.

"का?"

"नको म्हटलं ना. काकूला नाही सांगायचं. वर्गातही कुणाला सांगायचं नाही."

"पण पाठ आहे ना आमचा. सगळे येणार आहेत बघायला."

"म्हणूनच." त्यांनी मुलीचा हात धरला. "त्या दिवशी मी प्रश्न विचारणार आहे. कुणाला येणार नाही, मग तुला विचारीन. तू एकटी बरोबर सांगशील. सगळ्यांना कळेल तू कोणाकडे शिकलीस ते. बरं दिसेल की नाही?"

खारूने टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं. ती हात सोडवून घेत नव्हती आणि धरतही नव्हती.

"कुणाला सांगायचं नाही. कबूल?"

"कबूल," खारू म्हणाली. त्या संध्याकाळी ती वर गेली नाही, आणि पुढचे दिवसही गेली नाही. आईजवळ टेबलाशी बसून राहिली. थोरल्या बाईंना हवं होतं तेच झालं होतं. मुलगी गुणगुणत नव्हती, तेवढं त्यांनी मनावर घेतलं नाही.

पाठाच्या दिवशी सातवी ब च्या मागच्या बाकांवर मुख्याध्यापक आणि चार-पाच शिक्षक गुडघे पोटाशी घेऊन बसले. धाकटी नवी साडी नेसून आली होती. शिकवत होती ती चांगलं, हे थोरल्या बाईंनाही मनात मान्य करावं लागलं, आणि त्यामुळे त्या जास्तच चिडल्या. कागद वाटले गेले, घड्या पडल्या, कात्र्या चालल्या. धाकटी शब्द म्हणायची आणि सगळ्या वर्गातून खिडक्या उघडल्याचा फडफडाट व्हायचा. सहगुणक? पाच. स्थिरांक? सात. चल? x. एकही मूल चुकलं नाही. मुख्याध्यापक इतके रंगले की त्यांनी स्वतः एक कागद मागून घेतला आणि जीभ बाहेर काढून कापायला लागले. शेजारची भूगोलाची बाई म्हणाली, "बाई, माझ्या वेळी असं असतं तर मी गणितात नापास झाले नसते."

"छान, फारच छान," मुख्याध्यापक म्हणाले. "आता रिवाजाप्रमाणे विभागप्रमुख."

थोरल्या बाई उठल्या. बाकांमधून जाताना त्यांनी उजवीकडे पाहिलं. खारू भिंतीकडच्या बाकावर होती, समोर खिडक्यांचा कागद, हात मांडीवर. बाईंनी खडू घेतला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ७ + ५x.

"सहगुणक कोणता?"

"सात!" अख्खा वर्ग आनंदाने ओरडला.

"आणि स्थिरांक?"

इथे थोडी चलबिचल झाली. "पाच x," काही जण म्हणाले. "नुसता x," कुणी म्हणालं. खिडक्यांचा फडफडाट झाला, पण कागदावर सात शेवटी होता आणि फळ्यावर पहिला, त्यामुळे कोणती उघडायची ते कळेना.

धाकटीचा चेहरा उतरला. तिला कळलं होतं. गणितच शिकलेली होती ती, तिला कळायला क्षणही लागला नाही. "मुलांनो, नीट बघा," ती पुढे येत म्हणाली. "जागा बदलली म्हणून..."

"धाकट्या बाई," थोरल्या बाई म्हणाल्या, "तुमचा पाठ संपला. आता प्रश्न माझे आहेत."

त्यांनी एका उंच मुलाला उठवलं. सात का, म्हणून विचारलं. तो गोंधळून म्हणाला, "पहिली खिडकी सहगुणकाची असते, बाई." त्यांनी दुसरीला उठवलं. ती म्हणाली, "पहिली खिडकी." तिसराही तेच म्हणाला. मुख्याध्यापकांनी हातातली कात्री बाकावर ठेवली. भूगोलाच्या बाईने वर्गाबाहेर पाहायला सुरुवात केली. धाकटी फळ्याशेजारी भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या हातातला नमुन्याचा कागद चुरगळत चालला होता. तिने जावेकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर पाहण्यासाठी थोरल्या बाईंनी बरीच वर्षं वाट पाहिली होती. त्यांना फार बरं वाटलं. ते बरं वाटणं त्यांनी लपवलंही नाही.

"म्हणजे एवढ्या मुलांत एकालाही येत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "बघू या. भिंतीकडचा बाक. तू ऊठ."

खारू उठली.

"सहगुणक कोणता?"

खारूने फळ्याकडे पाहिलं. बाई तिच्या डोळ्यांकडे पाहत होत्या. डोळे सातवरून गेले, पाचवर आले आणि तिथे थांबले. बाईंच्या घशाशी हसू आलं. मग खारूने काकूकडे पाहिलं, काकूच्या हातातल्या चुरगळलेल्या कागदाकडे पाहिलं. मग शेजारी उभ्या केलेल्या, अजून बसायला न सांगितलेल्या तिघांकडे. मग आईकडे.

"सात, बाई."

शाळेत ती आईला बाईच म्हणायची, तो शाळेचा नियम होता. फाटकाबाहेर पाऊल पडलं की आई.

"नीट बघ," थोरल्या बाई म्हणाल्या.

"सात."

"कोणाला चिकटलाय ते बघ." हे तोंडातून गेल्यावर त्यांना जाणवलं की आपण स्वयंपाकघरातलं वाक्य वर्गात बोललो. पण आता मागे घेता येत नव्हतं.

खारूने समोरच्या कागदाची पहिली खिडकी उचलली, आत पाहिलं, आणि खिडकी खाली केली. "पहिली खिडकी सहगुणकाची असते, बाई," ती म्हणाली. आवाज कापला नाही की डोळे भरले नाहीत.

शिक्षकांच्या खोलीत निकाल लागायला वेळ लागला नाही. मुख्याध्यापक म्हणाले, दिसायला देखणं आहे, पण पाया कच्चा राहतो, तेव्हा पुढच्या सत्रापासून दोन्ही वर्गांत थोरल्या बाईंचीच पद्धत. विभागही त्यांच्याकडेच राहील. वह्यांमधल्या खिडक्या काढून टाकाव्यात, म्हणजे मुलांचा घोटाळा व्हायला नको. बाकीच्यांनी माना हलवल्या. सगळं थोरल्या बाईंच्या मनासारखं झालं.

धाकटी कपाटातून आपल्या कात्र्या काढून पिशवीत भरत होती. भरून झाल्यावर ती वळली. "ताई, माझं चुकलंच. मी एकदाही उलटं लिहिलं नाही, ती चूक माझी." ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने बोलत होती. "पण तुमची लेक तर गेले कित्येक दिवस तुमच्याकडेच बसतेय ना गणिताला? माझ्याकडे फिरकलीही नाही. तिलाही आलं नाही म्हणजे नवलच. आमच्याकडे कागद तरी होता. तुमच्या शिकवणीचा उजेड काय पडला, तो सगळ्यांनी पाहिला."

कुणीतरी खोकलं. मुख्याध्यापकांना एकाएकी फोन करायचं आठवलं.

थोरल्या बाईंनी तोंड उघडलं. तिला येतं, त्यांना म्हणायचं होतं. इथल्या सगळ्यांपेक्षा चांगलं येतं, मी स्वतः शिकवलंय, हाच प्रश्न घालून शिकवलंय. पण ते म्हणायचं तर हाच प्रश्न घरी घातल्याचं सांगावं लागणार होतं, आणि ती काकूला सांगायला निघाली होती, तिला मी अडवलं, हेही पाठोपाठ निघणार होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्यांनी तोंड मिटलं, पर्स उचलली आणि विभागप्रमुख म्हणून खोलीतून बाहेर पडल्या.

घरी खारू आधीच आली होती. न बोलावता टेबलाशी बसली होती आणि वहीतून खिडक्या सोडवत होती. डिंक पक्का होता, कागदाबरोबर पानही फाटत होतं. पेन्सिल दातात धरलेली होती.

थोरल्या बाई बाजूची खुर्ची ओढून बसल्या. रागावून बोलायचं नाही असं ठरवून आल्या होत्या. "तुला येत होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"मला दिसलं. तू पाचवर थांबली होतीस."

"हो."

"मग सात का म्हणालीस? सगळ्यांपुढे माझं नाक कापलंस. स्वतःचंही कापलंस. का?"

खारूने दातातली पेन्सिल काढली. "तू म्हणाली होतीस कुणाला सांगायचं नाही. मी कबूल केलं होतं. मी नाही सांगितलं."

"अगं, ते काकूला. वर्गात. मी विचारल्यावर सांगायचं होतं."

"तू विचारलंस तेव्हा काकू तिथेच होती," खारू म्हणाली. "वर्गही तिथेच होता."

ती हे उद्धटपणे म्हणाली नाही. उद्धटपणे म्हणाली असती तर बाईंना एक थोबाडीत देता आली असती आणि मोकळं होता आलं असतं. वरच्या मजल्यावर दार लागल्याचा आवाज आला, मग आतून कडी. ती कडी आजवर संध्याकाळी कधी लागत नसे. खारूने वर पाहिलं आणि पुन्हा वहीत मान घातली.

थोरल्या बाईंना पुष्कळ बोलायचं होतं. तू परत ये, एवढंच खरं तर बोलायचं होतं. पण ते शब्द त्यांनी कधी वापरलेले नव्हते, आणि जे येत होते ते दुसरेच होते. "बरं. झालं ते झालं," त्या म्हणाल्या. "पुढच्या सत्राची तयारी करू या. कोरं पान काढ. सजातीय पदे. लिही. ज्या पदांमधली चलं समान असतात..."

खारूने कोरं पान काढलं. बाई सांगत गेल्या आणि ती लिहीत गेली, ओळीवर ओळ, अक्षर सुबक. मधेच बाईंनी आपली खुर्ची आणखी थोडी जवळ सरकवली. खारू तशीच लिहीत राहिली.

"म्हण बघू आता."

खारू खुर्चीवरून उठली आणि टेबलाजवळ सरळ उभी राहिली, अ मधली मुलं राहतात तशी. तिने व्याख्या एका श्वासात म्हटली. कुठे अडखळली नाही.

"कळलं का?" बाईंनी विचारलं.

"हो, बाई," खारू म्हणाली, आणि बसायला सांगतील याची वाट पाहत उभीच राहिली.